नांदेड ते लातूर, विमानानं दीड तास

अंतर आणि वेळ, ह्या दोन गोष्टी मला विचाराव्यात! लातुरात माझं कापडाचं दुकान असलं, तरी एसटीचं अख्खं वेळापत्रक मला तोंडपाठ. आमच्या रत्नाला नांदेडच्या मुलानं पसंत केलं होतं, पोरीलाही तो आवडला होता. राहिला होता मुलाच्या वडिलांचा, माणिकप्पांचा होकार. ते विमानानं येणार म्हटल्यावर माझ्या बायकोनं, शरणम्मानं, मलाच विचारलं, "किती वेळ लागंल हो?"

"दीड तास! एसटीला साडेतीन. विमान तिप्पट पळतं म्हण. पर वर चढायचं, खाली उतरायचं, ते येगळं!"

"लवकर आले तर?"

"कसे येतील? पायलट च्या-पाण्याला थांबंल की न्हाई?"

माणिकप्पांचा फोन आला, "बसलो बघा विमानात." मी निवांत आंघोळीला गेलो. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याबिगर मी पाहुण्यांसमोर जात नाही. दुष्काळामुळं वाट्याला अर्धी बादली. लातूर जिल्हा झाला, विमानसुद्धा आलं, नळाला पाणी मात्र नाही! डोक्याला साबण चोपडला आणि तांब्या बादलीच्या बुडाला खणकन वाजला. तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न!

शरणम्माचे हात पुरणात, रत्ना नव्या साडीत. मी टॉवेल गुंडाळला, घागर उचलली आणि तसाच पळालो.

टँकरपाशी ही झुंबड! डोळ्यांत साबण, धड काही दिसेना. कशीबशी घागर भरली, तोच कुणीतरी पुढ्यात घुसलं. पांढरं धोतर तेवढं कळलं.

"ओ म्हातारबा! रांग दिसत न्हाई का? डोळे फुटले काय?"

"मी पाण्याला न्हाई आलो. पत्ता इचारून राहिलो..."

"असले बहाणे लई बघितलेत! कोण्या गावचे तुम्ही?"

"नांदेडचा. भीमाशंकररावांचं घर कुठं हाय?"

घागर हातातून सुटली. सगळं पाणी त्यांच्या धोतरावर!

"कोणते भीमाशंकरराव?" मी म्हणालो. खरं सांगतो, पळूनच जाणार होतो. पण शेजारचा गुंडप्पा दात काढत म्हणाला, "हेच की! साबणवाले!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तोंडातून काय निघावं? "इतक्या लवकर कसे?"

"पंचवीस मिनिटांत उतरलो," माणिकप्पा धोतर पिळत म्हणाले.

घरात ते माझा लेंगा घालून बसले. मी भस्म लावलं तेही साबणावरच. रत्ना पाणी घेऊन आली, तेव्हा तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. पोरीचं जमलेलं लग्न बापाच्या तोंडानं मोडलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

माणिकप्पांनी पोळी संपवली, हात पुसला. "पोरगी पसंत हाय," म्हणाले. शरणम्मानं डोळ्यांना पदर लावला. मी नुसते हात जोडले.

काल मुहूर्त निघाला. फोन मीच उचलला आणि जोरात विचारलं, "बोला इवाई, किती वाजताचा?"

"जरा इहीणबाईला द्या," माणिकप्पा म्हणाले. "येळ त्यांनाच सांगतो."