पाठमोरे सर

आष्टीत कुणाचीही सभा असो, दिगंबर सर मंचाकडं पाठ करून उभे राहायचे. सगळा गाव एकीकडं तोंड करून, आणि हा एक माणूस गावाकडं तोंड करून.

आम्ही एकाच कॉलेजात होतो. मी मराठी शिकवायचो, ते समाजशास्त्र. निवृत्त झाले तरी त्यांचा तास काही संपला नव्हता. "एका जर्मन पंडितानं शंभर वर्षांमागंच सांगून ठेवलंय बे," हे त्यांचं पालुपद. सत्ता तीन प्रकारची: वाडवडिलांची, कायद्याची आणि करिश्म्याची. पाटील पहिल्यात, तहसीलदार दुसऱ्यात. "आन तिसरी पुढाऱ्यात नसतीच. ती लोकांच्या डोळ्यात असती. मग मी मंचाकडं कशाला बघू?"

सुमनवहिनी होत्या तेव्हा आतून ओरडायच्या, "आमच्या घरात तिन्ही माझ्याकडंच हायत!" सर खाली मान घालून हसायचे. वहिनी गेल्या आणि सरांच्या सभा वाढल्या.

एकदा एका कार्यकर्त्यानं खांदे धरून त्यांना फिरवलं. "मास्तर, तोंड हिकडं करा. दादा तिकडून न्हाई येणार." सर निमूट फिरले. तो गेला की पुन्हा पाठमोरे.

गेल्या निवडणुकीत याच दादांची सभा होती. पोरं ज्यांचं नाव दंडावर गोंदवून घेतात, ते दादा. हेलिकॉप्टर उतरलं आणि उतरत्या उन्हात धुरळा उठला, तो खाली बसेचना. हळदीच्या रंगाच्या त्या धुक्यात बायका, म्हातारे, फेटे सगळं तरंगल्यासारखं दिसत होतं. घोषणा झोपेत ऐकू याव्यात तशा लांबून येत होत्या. माझाही हात कधी वर गेला, मला कळलं नाही. सर मात्र लोकांचे डोळे वाचत उभे.

भाषण संपवून दादा गर्दीत उतरले. चालता चालता त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. "काय सर, जेवलात का?" आणि पुढं गेले.

दिवेलागणीला सर माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"त्यानं इचारलं, जेवलात का."

"सर, ते सगळ्यांनाच विचारतात."

"मला सांगतो का? जन्मभर हेच शिकवलं मी." मग आवाज खाली गेला. "तरी बरं वाटलं बे. ही गेल्यापासून कुणी इचारलंच न्हवतं."

"मग काय म्हणालात?"

"जेवलो म्हणालो. खोटंच."

आत भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं आमच्या हिनं ताट आणून त्यांच्यापुढं ठेवलं. पिठलं, बाजरीची भाकरी, कांदा. एरवी चहालाही नको म्हणणारा माणूस मुकाट्यानं जेवायला लागला. तव्यावरची गरम भाकरी घेऊन ही पुन्हा आली, तेव्हा सरांनी ताटावर हात आडवा धरला नाही.