तीन खुरांची बाज

भानूबाबा कातारी लाटणं विकत नसत, ते गिऱ्हाइकाकडूनच करून घेत. नव्या माणसाला हे ठाऊक नसायचं. बिचारा लाटणं मागायचा आणि पुढच्या मिनिटाला दोरीपाशी उकिडवा बसलेला असायचा. बाबांचा चरक म्हणजे दोन खुंटांमध्ये आडवं धरलेलं लाकूड आणि त्याला दोरीचे वेढे. एकानं दोरी मागेपुढे ओढायची, लाकूड गरगर फिरायचं, आणि दुसऱ्यानं त्यावर पटाशी टेकवून ते कातायचं. लाटणं होत आलं की बाबा पटाशी गिऱ्हाइकाच्या हातात देत आणि स्वतः दोरी धरत. म्हणत, "शेवटचा हात तुमचा." त्यामुळे गावातली निम्मी लाटणी एका टोकाला बारीक होती, आणि घरोघरच्या पोळ्यांना कुठल्या ना कुठल्या तालुक्याचा आकार येत असे.

एकाहत्तर-बाहत्तरचा तो काळ. नेवाशापासून पाच-सहा मैलांवरच्या त्या गावात मी पोस्टात कारकून होतो, पण बाबांनी मला पहिल्या दिवसापासून 'मास्तर' करून टाकलं. दर शनिवारी ते खिडकीशी येत, टपालावर मारायचा शिक्का उचलत आणि त्याची लाकडी मूठ हलवून बघत.

"मूठ ढिली हाय, मास्तर." मग शिक्का खाली ठेवता ठेवता विचारत, "बाकी टपालात काय?"

"काही नाही," मी मान वर न करता म्हणायचो, आणि ते निघून जायचे. मूठ चांगली घट्ट होती. चौथ्या शनिवारी मी वैतागलो आणि म्हणालो, "मग तुम्हीच नवी करून द्या."

"मी कशापाई? ऐतवारी या. तुमीच करा."

असा मी सापडलो. मला धड पेन्सिलीला टोक करता येत नव्हतं. रविवारी दाराशी चपला काढल्या तर बाबा म्हणाले, "डोकंबी तितंच ठिवा, पायतानासंगं. शिकायचं ते हात शिकतो." मी पटाशी अशी दाबली की लाकूड निसटून शेजारच्यांच्या शेळीला लागलं. बाबा रागावतील असं वाटलं, पण ते खूश झाले. तो तुकडा त्यांनी शोधून आणला आणि चारचौघांना दाखवला. "बगा, मास्तरांनी हितं घाई केली. समद्यांची हितंच हुती." मग माझं मनगट धरून त्यांनी सावकाश तीच जागा पुन्हा कातून दाखवली. "लाकूड कुरकुरलं मंजे तुमी दाबताय. ऐकत जावा."

मला कुतूहल वेगळंच होतं. बाकीचे कारागीर परका माणूस दिसला की दाराला गोणपाट लावत, आणि हा गृहस्थ रस्ता विचारायला आलेल्यालाही बसवून घेई. एकदा विचारलंच. बाबा म्हणाले, "माजा उस्ताद नगरचा. ना जातीचा, ना गोताचा. पर काय बी लपवलं न्हाई बगा. म्हनायचा, हुन्नर झाकून ठिवला की त्याला वाळवी लागती."

त्यांची दक्षिणा एकच होती. हात बसला की शागिर्दानं बाजेचा एक खूर, म्हणजे पाय, कातायचा आणि तो बाबांकडे ठेवायचा. माझा खूर जमायला वर्ष लागलं. तो घेऊन मी मोठ्या ऐटीत दुकानामागच्या त्यांच्या घरी गेलो आणि बाबांची बाज बघून हसू आवरेना. एक खूर मुसळासारखा जाडा, तो दवाखान्यातल्या कंपाउंडरचा. एक कमरेत बारीक, तो भजनातल्या पेटीवाल्याचा. तिसरा शाळेतल्या बाईंचा, जरा तिरका. चौथ्या कोपऱ्यात खूरच नव्हता, नुसत्या दोन विटा. पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा कातारी असल्या बाजेवर झोपत होता.

"घ्या, चौथा आला," म्हणत मी विटा काढायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी," गयाकाकू, म्हणजे बाबांची बायको, हळूच म्हणाल्या. "ती जागा आमच्या विनूची हाय."

विनू त्यांचा एकुलता एक मुलगा. आपला खूर न कातताच तो चार वर्षांपूर्वी पिंपरीला कारखान्यात गेला होता.

"त्योबी कातारीच. पर लोखंडाचा," बाबा म्हणाले. आवाजात अभिमान होता. "त्येचं यंत्र विजंवर फिरतं. दोरी वडाया मानूस लागत न्हाई."

"पत्र येतं का?" मी विचारलं.

"कामात असंल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शनिवारच्या मुठीचा उजेड पडला. वर्षभर मी त्या खिडकीत बसून, वर न बघता, या माणसाला 'काही नाही' सांगत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी खूर उचलून परत निघालो.

बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. "बोटभर आखूड हाय," म्हणाले. मग स्वतःच विटा काढल्या, खूर ठोकून बसवला आणि बाजेवर आडवे झाले. बाज माझ्या कोपऱ्याकडे कलली. बाबा तसेच कललेले पडून आढ्याकडे बघत राहिले.

"आन् विनू आला मंजे?" काकूंनी विचारलं.

"नवी बाज करू. चारी खूर त्येचंच."

पुढच्या शनिवारी ते खिडकीशी आले. शिक्क्याला आता मी केलेली मूठ होती. त्यांनी ती हलवून बघितली आणि म्हणाले, "ढिली हाय, मास्तर."

मी टपालाचा गठ्ठा त्यांच्यासमोर सोडला. एकेक पत्र बघितलं, मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं. "आज नाही, बाबा. सोमवारच्या थैलीत आलं तर मी स्वतः घेऊन येतो."

बाबांनी शिक्का जागेवर ठेवला.

"नसलं तरी या," ते म्हणाले. "आमच्यात दोरी वडाया मानूस लागतो."