मागे पडलेली काच

मागच्या फाल्गुनात पाटणकरांच्या गाडीच्या पुढच्या काचेवर खडा आपटला आणि काच बारा वर्षं मागे पडली. खड्याने असं होतंच. बारीक कच असेल तर काच दोन-चार महिने मागे जाते, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पाटणकरांच्या पुढे खडीचा डंपर होता आणि उडाली ती चांगली सुपारीएवढी होती.

अरविंदराव बँकेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. आठवडाभरात त्यांचा हात बसला. आजचा रस्ता बाजूच्या खिडकीतून बघायचा. पुढे जे दिसेल ते बघून घ्यायचं, पण मनावर घ्यायचं नाही. रुंदीकरणात गेलेली वडाची झाडं काचेत अजून उभी होती. अरविंदराव त्यांच्या बुंध्यातून सरळ गाडी नेत. नव्या उड्डाणपुलावर चढलं की काचेत गाडी हवेतून जाई, आणि खाली जुन्या चौकात माणसं सिग्नल सुटायची वाट बघत उभी दिसत. काचेत पाऊस आणि बाहेर ऊन असलं तर वायपर लावून काही उपयोग नसे.

कुमुद शेजारी बसून डावी बाजू सांभाळायची.

"म्हैस आहे हो."

"कधीची?"

"आजची."

मग ते ब्रेक लावायचे.

काच तारखेने मागे नव्हती, तिथीने होती, आणि त्या वर्षीचे वारही यंदाच्या वारांशी जुळत होते. कुमुदला याचं बरं वाटलं. काचेतही एकादशीला एकादशी आणि पाडव्याला पाडवाच असे, त्यामुळे व्रतवैकल्यांचा घोळ होत नव्हता. श्रावण लागला तसा काचेतही श्रावण लागला. पहिल्या सोमवारी ती दोघं नेहमीसारखी सिद्धेश्वराच्या डोंगराला निघाली, आणि निंबळे फाट्यावर काचेत अक्का उभी होती.

अक्का म्हणजे कुमुदची आई. निंबळे हे कुमुदचं माहेर. बारा वर्षांपूर्वी अरविंदरावांना डोंगरावरून परत येऊन बँक गाठायची असे, म्हणून आत गावात जायला सवड नसायची. तेव्हा अक्काच परसातल्या झाडाचा बेल ओल्या फडक्यात गुंडाळून, पितळी डब्यात घालून फाट्यावर यायची. त्याच वर्षी कार्तिकात ती गेली. आता परसही नव्हतं आणि फाटाही नव्हता. तिथे चौपदरी रस्ता आणि लोखंडी कठडा होता. पण काचेत शिवरामचं चहाचं खोपट होतं, चिंच होती, आणि चिंचेखाली हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली अक्का.

"थांबवा," कुमुद म्हणाली.

त्यांनी कठड्याला लागून गाडी उभी केली. थोड्या वेळाने काचेत त्यांचीच गाडी, तेव्हाची, नवीकोरी, पुढे येऊन थांबली. त्यातून काळ्याभोर केसांची कुमुद उतरली, डबा घेतला, काहीतरी बोलली, घड्याळ बघितलं आणि गेलीसुद्धा.

"किती घाई गं तुला," अरविंदराव म्हणाले.

"तुम्ही हॉर्न वाजवत होतात. आतून ऐकू येत नाही म्हणून बरं."

काचेतली गाडी गेली तरी ही दोघं तिथेच बसून राहिली, त्यामुळे कुमुदला तेव्हा न दिसलेलं दिसलं. गाडी वळेपर्यंत अक्का बघत राहिली. मग तिने पदर खोचला, शिवरामच्या खोपटात गेली, बाकावर बसली आणि भजी मागवली.

"सोमवार आहे," कुमुद म्हणाली.

"बटाट्याची असतील."

"बेसन आहे ना वरून. आणि आम्हाला साबुदाण्यात कोथिंबीर घालू दिली नाही कधी."

अरविंदराव इतके हसले की चष्मा काढावा लागला. कुमुदही हसली, आणि डोंगरावर पोचल्यावर तिने देवाला अक्काच्या वतीने हात जोडले.

दुसऱ्या सोमवारीही भजी झाली. तिसऱ्या सोमवारी भजी खाऊन झाल्यावर अक्का हात पुसत रस्त्याच्या कडेला आली आणि कपाळावर आडवा हात धरून थेट गाडीकडे बघू लागली. आपण गेलो त्या दिशेला बघत असेल, असं कुमुदला वाटलं. पण आपण तर उलट्या दिशेला गेलो होतो.

त्याच दिवशी परतीच्या वाटेवर गतिरोधकाला चाक आपटलं आणि खड्याच्या खुणेपासून काचेला तडा गेला. घरी येईपर्यंत तो वीतभर झाला होता.

काच कधी ना कधी बदलावी लागणारच होती. प्रश्न एवढाच होता की चौथा सोमवार राहिला होता. त्या सोमवारनंतर अक्का अंथरुणाला खिळली होती आणि पुन्हा कधी फाट्यावर आली नव्हती. पुढच्या श्रावणात काचेत चिंच दिसली असती, शिवराम दिसला असता. अक्का दिसायची ती आता एकदाच.

"शनिवारी इकबालभाईंकडे गाडी टाकतो," अरविंदराव म्हणाले.

"मंगळवारी टाका."

"कुमुद, अख्खी काच मांडीत येईल."

रात्री पुण्याहून ऋताचा फोन आला. ऋता त्यांची एकुलती एक मुलगी. कुमुदने या श्रावणापासून सोळा सोमवार धरले होते ते तिच्यासाठी. कशासाठी, ते तिने ऋताला सांगितलं नव्हतं. लग्नाला सात वर्षं झालेल्या मुलीला ते सांगावं लागत नाही.

"आई, बाबा काही विचारत नाहीत. देतील ती काच लावून घेऊन येतील. तू बरोबर जा आणि विचार. काच गाडीच्या कंपनीची आहे की बाजारातली. गोंद कुठला, सुकायला किती वेळ लागतो, तोवर गाडी हलवायची का. पाणी गळलं तर कोण बघणार. आणि मुख्य म्हणजे काच कधीची आहे ते विचार. माझ्या मैत्रिणीला परवा नवी म्हणून पाच वर्षांपूर्वीची बसवून दिली. रोज ऑफिसला जाताना जुना बॉस दिसतो तिला."

"तू कशाला एवढी काळजी करतेस?"

"गाडी पुढेमागे मलाच देणार आहेत ना बाबा."

विमा कंपनीच्या बाईंनीही फोनवर प्रश्न विचारले. तडा आतून की बाहेरून. काच किती वर्षं मागे आहे. काचेत कुणी नातेवाईक आहेत का.

"सासूबाई आहेत," अरविंदराव म्हणाले.

"म्हणजे पत्नीच्या बाजूच्या. रोज दिसतात की प्रसंगानुसार?"

"श्रावणी सोमवारी."

"मग ते पॉलिसीत येत नाही, सर. काच येते. रबर निम्मं येतं."

शुक्रवारी दोघं इकबाल मणेरांच्या गॅरेजवर गेली. इकबालभाई काचा बसवण्याशिवाय दुसरं काम करत नसत. भिंतीला उभ्या केलेल्या जुन्या काचांतून गॅरेजचं अंगण वेगवेगळ्या वर्षांत दिसत होतं. एकीत त्यांचे वडील बसून पान लावत होते.

कुमुदने ऋताचे प्रश्न एकेक करून विचारले आणि इकबालभाईंनी न कंटाळता उत्तरं दिली. काच कंपनीचीच, आजची. हवी तर बाहेर नेऊन बघा. बसवल्यावर अर्धा दिवस गाडी हलवायची नाही. दारं जोरात आपटायची नाहीत. वर्षभर पाणी गळलं तर फुकट बघू.

"जुनी काच आम्हाला मिळेल?"

"मिळेल की. पण वहिनी, ती जिथे ठेवाल तिथलंच जुनं दाखवणार. घरी ठेवलीत तर तुमचंच जुनं अंगण. आणि काढताना हा तडा धरायचा नाही. चुरा होईल."

कुमुदने मान हलवली. मग तिने स्वतःचा प्रश्न विचारला.

"काचेच्या पलीकडून काय दिसतं हो?"

इकबालभाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "हे सहसा कुणी विचारत नाही. काच आरपार असते, वहिनी. इकडून मागचं दिसतं तर तिकडून पुढचं दिसणारच. तुम्ही ज्यांना बघता, त्यांनी नीट बघितलं तर तुम्ही दिसता. बहुतेक लोक बघत नाहीत. घाईत असतात."

परत येताना कुमुदचं डाव्या बाजूकडे लक्ष नव्हतं. अरविंदरावांनी एकदा स्वतःहूनच म्हैस बघितली.

"अक्का शेवटी काय बोलायची, आठवतं तुम्हाला?" ती म्हणाली. "पांढऱ्या केसांत अबोली शोभते गं तुला, म्हणायची. तेव्हा माझा एक केस पांढरा नव्हता. आपण म्हटलं, तापात बरळते आहे."

अरविंदरावांनी गाडी बाजूला घेतली. "मला म्हणाल्या होत्या, जावईबापू, मिशी काढलीत ते बरं केलंत." त्यांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं. मिशी त्यांनी निवृत्तीनंतर काढली होती. अक्काला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

काचेत कुणाची तरी बैलगाडी त्यांच्या बॉनेटमधून निघून गेली.

"मंगळवारी टाकू गाडी," अरविंदराव म्हणाले.

तडा मात्र कुणाचं ऐकत नव्हता. शनिवारी तो आरशाखाली पोचला. कुमुदने त्याच्या टोकाला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि सांगितलं, सोमवार दुपारपर्यंत इथेच थांब बाबा, पुढे तुझी वाट मोकळी. अरविंदरावांनी वरून चिकटपट्टी लावली. रविवारी तडा हळदकुंकवापाशीच होता. ते कशामुळे, यावर घरात चर्चा झाली नाही.

सोमवारी सकाळी कुमुदने कुंडीतली अबोली तोडली. बऱ्याच वर्षांत तिने केसांत फूल घातलं नव्हतं. या वयात कशाला, असं वाटायचं. तिने छोटासा वळेसर केला आणि अंबाड्याला माळला. अरविंदरावांनी मुद्दाम दाढी केली.

गाडी इतकी सावकाश निघाली की एका सायकलवाल्याने मागे वळून विचारलं, पंक्चर आहे का. प्रत्येक गतिरोधकाला कुमुद डोळे मिटायची. फाट्यावर पोचली तेव्हा काचेत अक्का उभी होती. थकलेली दिसत होती, पण डबा दोन्ही हातांनी धरलेला. तेव्हाची गाडी आली, तेव्हाची कुमुद उतरली, डबा घेतला, घड्याळ बघितलं, गेली.

अक्का त्या दिवशी भज्यांकडे गेली नाही. ती थेट गाडीकडे चालत आली, बॉनेटपाशी थांबली आणि वाकून आत बघू लागली. आधी अरविंदरावांकडे बघितलं. स्वतःच्या ओठावर बोट फिरवलं आणि पदर तोंडाला लावून हसली. अरविंदरावांनी बसल्या जागी वाकून नमस्कार केला.

मग तिने कुमुदकडे बघितलं. कुमुदने मान जराशी वळवली, अबोली दिसेल अशी. अक्का खूप वेळ बघत राहिली. घड्याळ कुणीच बघितलं नाही. शेवटी तिने कमरेच्या चंचीतून बेलाचं एक पान काढलं, राखून ठेवलेलं, आणि काचेवर बाहेरून टेकवलं, तड्याच्या टोकाशी. मग खोपटाकडे बोट दाखवलं, घास तोंडात घातल्यासारखा हात केला आणि मान हलवली. इतके कडक उपास करू नकोस, असं ती सांगत होती.

कुमुदने हात काचेला लावला, तसा तडा हळदकुंकू ओलांडून पलीकडच्या कडेला गेला. सगळी काच दुधासारखी पांढरी झाली. पडली मात्र नाही.

तिथून घरी अरविंदरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी आणली. वाटेत एका टपरीवर थांबून त्यांनी बटाट्याची भजी घेतली. कुमुदने एक खाल्लं.

मंगळवारी इकबालभाईंनी नवी काच बसवली. नव्या काचेत आजचा चौपदरी रस्ता होता, आजचा कठडा होता आणि म्हशी सगळ्या आजच्याच होत्या. अरविंदरावांना दोन दिवस चुकल्यासारखं झालं.

श्रावण संपला तरी सोळा सोमवार संपले नव्हते. पुढच्या सोमवारी निंबळे फाट्यावर कुमुदने गाडी थांबवायला सांगितली. ती बेलाची पुडी घेऊन उतरली, चिंच होती त्या जागी जाऊन उभी राहिली आणि पदर नीट करून गाडीकडे वळली.

"काय झालं गं?" अरविंदरावांनी आतून विचारलं.

"थांबा जरा. खडा लागायचा तो लागेलच की कधीतरी."

ती बॉनेटपर्यंत आली आणि वाकून काचेतून आत बघू लागली. अरविंदरावांना मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, पण कुमुदला कसलीही घाई नव्हती. खूप वेळाने ती सरळ झाली, तेव्हा तिने एक हात हलवला. तो अरविंदरावांसाठी नव्हता.

घरी आल्यावर तिने पुण्याला फोन लावला.

"ऋता, केस इतके बारीक कापलेस तरी चांगले दिसतात गं तुला."

"मी कुठे कापलेत? वेणी आहे माझी."

"बरं. आणि तिला पुढच्या सीटवर बसवत जाऊ नकोस. ऐकत नसेल, तरी मागे बसव. पट्टा लाव."

"कुणाला?"

"गुळाच्या ढेपेसारखी आहे अगदी, एका जागी बसायची नाही," कुमुद म्हणाली, आणि फोन ठेवून उरलेला बेल फडक्यात गुंडाळायला गेली.