बाजूच्या सीटवरची बाई

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. दंड भरणाऱ्यांपैकी मी नव्हे! वाहतूक खात्याशी माझं वैर नाही, तात्त्विक वाद आहे. गाडीत बेल्ट लावायचा की नाही हे मला सांगणारे हे कोण? छाती माझी, बरगड्या माझ्या आणि उद्या काचेवर आपटलंच तर कपाळही माझंच! आता मी बेल्ट लावतो, नाही असं नाही. पण तो स्वतःच्या मर्जीने लावतो, सरकारच्या नव्हे. हा फरक मी आजवर अनेकांना समजावून सांगितला आहे. ऐकणाऱ्याला दर वेळी नेमकं कुठेतरी जायचं असतं.

तर एका संध्याकाळी धाकट्या बहिणीचा मेसेज आला. माझी गाडी मूळची तिच्या नवऱ्याची. मी ती जुनी घेतली, पण कागदोपत्री फोन नंबर तिचाच राहिला. त्यामुळे माझे गुन्हे आधी तिला कळतात. मेसेज होता, ‘दादा, दंड आलाय. पुढच्या सीटवरच्या प्रवाशाने बेल्ट लावला नव्हता.’

प्रवासी? माझ्या गाडीत? मी खुर्चीतून उडालोच! माझ्या गाडीत मी सोडून कोणी बसत नाही. बसणार कोण? मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारीचे फोन घेतो. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की माझ्याशी अगदी पोटातलं बोलतं. दार उघडलं की फोन कट! ओळखी होतात, पण दोन मजल्यांच्या मध्ये होतात.

मी तडक खात्याच्या साइटवर गेलो आणि हरकत नोंदवली. ‘माझ्या बाजूला कोणीही नव्हतं. कधीच नसतं. सुनावणी घ्या!’ बटण दाबलं आणि मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात फोन वाजला.

“दादा,” बहीण कुजबुजली, “कोण आहे रे ती?”

“कोण कोण?”

“आता लपवू नकोस. नोटिशीसोबत फोटो आलाय!”

तिने फोटो पाठवला. मी पाहिला आणि हसू आवरेना. अहो, तो माझा पंखा होता! उभा, स्टँडचा पंखा. मान तुटली म्हणून दुरुस्तीला नेत होतो. डिकीत मावेना, म्हणून पुढच्या सीटवर टेकवून ठेवला. जाळीने सीट फाटू नये म्हणून डोक्यावर फुलाफुलांची उशीची खोळ चढवली आणि मानेशी दोरी बांधली. वळणावर ती तुटकी मान कलंडली नि माझ्या खांद्यावर आली. कॅमेऱ्याने नेमकी तीच वेळ साधली! फोटोत फुलाफुलांचा स्कार्फ बांधलेली एक बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि मी तिच्याकडे बघून काहीतरी बोलत होतो. बोलत होतो हे खरं आहे. ‘जरा दम धर, आलंच दुकान’ असं म्हणालो होतो.

“अगं, हा तर...” मी सुरुवात केली. पलीकडून मुसमुसण्याचा आवाज आला.

“मला किती हलकं वाटतंय तुला कल्पना नाही. रोज रात्री दिवा मालवताना मनात येतं, दादा जेवला असेल का, एकटा बसला असेल का. आता नाही येणार.” तिने नाक ओढलं. “स्वभावाने कशी आहे?”

अशा वेळी कोण कसं सांगणार की ती उशीची खोळ आहे?

“शांत आहे,” मी म्हणालो.

“तब्येत?”

“मानेचा त्रास आहे जरा.”

“अगं बाई! दाखवलं का कुणाला?”

“दाखवलंय. भाग मागवावा लागेल म्हणाले.” जीभ चावली, पण बहीण रडण्यात दंग होती.

आता इथेच थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोटो ऑफिसात दाखवला. हेतू शुद्ध होता. सगळे पोट धरून हसतील, निदान त्या निमित्ताने माझ्याकडे वळतील. मी एरवी फोनजवळच डबा खातो. कोणी अडकलं तर, म्हणून. फोटो आधी हिशेबाच्या बाईंच्या हातात गेला आणि त्या किंचाळल्याच!

“अय्या! कोण हो या? इकडे या, इकडे बसा! खुर्ची द्या रे त्यांना!”

खुर्ची आली. मोठ्या टेबलाशी. इतकी वर्षं त्या टेबलाचा मला फक्त आवाज माहीत होता. कोणी विचारलं, कुठे भेटलात? मी म्हणालो, सेलमध्ये. कोणी म्हणालं, फार उंच दिसतात. मी म्हणालो, कमी-जास्त करता येतं. सगळे हसले! माझ्या विनोदावर! त्या दिवशी डब्यात काय होतं ते मला आठवत नाही, पण फार चविष्ट होतं.

मग तर कळसच झाला. मला निळा शर्ट शोभतो असं ठरलं. संध्याकाळ झाली की हिशेबाच्या बाई स्वतः माझ्या तक्रारीच्या फोनवर बसायच्या. “जा तुम्ही, वाट बघत असतील घरी!” मी निघायचो. पण लवकर घरी जाऊन करणार काय? गाडी घराखाली लावायचो आणि गाडीतच बसून राहायचो. वर घरात तोच पंखा होता. मानेचा भाग अजून आला नव्हता.

आणि सुनावणीची तारीख लागली! तीही बहिणीच्याच फोनवर, माझ्या हरकतीच्या प्रतीसकट. त्या दिवशी पहाटेच्या बसने ती दारात हजर!

“दादा, शरम नाही वाटत? ‘बाजूला कोणीही नव्हतं’? ती बिचारी विश्वासाने तुझ्या खांद्यावर डोकं ठेवते आणि तू सरकारला लेखी देतोस, कोणी नव्हतं म्हणून? एका दंडापायी माणूस नाकारतोस?”

“अगं, ते तत्त्व...”

“चुलीत घाल तुझं तत्त्व! चल, आणि सुनावणीत कबूल कर!”

खाली हिशेबाच्या बाई उभ्या. माझ्या रजेच्या अर्जात सुनावणीचं वाचून त्याही रजा टाकून आलेल्या. “आम्ही आहोत तुमच्या पाठीशी!” आजवर माझ्या पाठीशी कोणी उभं राहिलं नव्हतं आणि राहिलं ते अशा वेळी!

वाहतूक खात्याची खोली लहान, अंगठ्यांच्या शाईचा वास मारणारी. टेबलामागे चष्मा लावलेल्या दंडवाल्या मॅडम. खरं बोललो तर दंड माफ होणार होता, पण मोठ्या टेबलाशी मिळालेली खुर्चीही जाणार होती आणि बहिणीची झोपही. मी ठरवून टाकलं.

“मॅडम, हरकत मागे घेतो. दंड भरतो.”

बहिणीने समाधानाने मान हलवली. पण माझ्या नशिबी मॅडम नेमक्या कामसू! मॅडम म्हणाल्या, “थांबा, फोटो बघू तरी.” त्यांनी तो पडद्यावर मोठा केला. आणखी मोठा केला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“अहो, हा माणूस नाहीये! मानेला दोरी आहे. खाली लोखंडी दांडा आहे. जा तुम्ही, दंड रद्द!”

“रद्द करू नका!” मी ओरडलो. “माणूसच आहे मॅडम! बेल्ट लावला नव्हता! माझी चूक आहे!”

“अहो, खोळीच्या कोपऱ्याला बटणं आहेत!”

“फॅशन आहे ती!”

“इथे लोक माफ करा म्हणून रडतात आणि तुम्ही... बरं, माणूस आहे ना? मग नाव सांगा.”

छताचा पंखा घरघरत होता. आयुष्यभर वाद घातले, पण त्या क्षणी मला एक नाव सुचेना! हिशेबाच्या बाई पुढे वाकून पडद्याकडे बघत होत्या. बहीणही बघत होती. हळूहळू तिचा चेहरा उतरला, मग माझ्याकडे वळला. मी जमिनीकडे पाहिलं. मला वाईट एवढ्याचंच वाटलं, की आजपासून ती पुन्हा दिवा मालवताना विचार करणार.

“मी होते,” बहीण म्हणाली.

“तुम्ही?” मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“हो. मानेचा त्रास आहे मला.”

मॅडमनी दंड कायम केला आणि बहिणीला म्हणाल्या, “बेल्ट लावत जा, बाई. लोक म्हणतात, आमच्या छातीशी सरकारला काय करायचंय? आता ज्याला घरी विचारणारं आहे त्याला घरचे विचारतात. ज्याला नाही, त्याला कुणीतरी विचारायला नको?”

या मुद्द्यावर माझ्याकडे एरवी तीन उत्तरं तयार असतात. त्या दिवशी मी पाकीट काढलं आणि दंड भरला. हिशेबाच्या बाईंना अचानक एक काम आठवलं आणि त्या माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

बहिणीला बस गाठायची होती. गाडीत बसल्यावर तिने बेल्ट ओढला. येईना. दोन्ही हातांनी ओढला. वीतभर आला आणि अडकला.

“मी बसायचे तेव्हा तर छान चालायचा,” ती म्हणाली. मग हळूच विचारलं, “दादा, माझ्यानंतर इथे कोणी बसलंच नाही का रे?”

“सामान असतं,” मी म्हणालो.

ती तो वीतभर बेल्ट छातीशी हाताने धरून बसली आणि मला लेन बदलू नकोस, सिग्नल बघ, केस कापून घे, असं स्टँड येईपर्यंत ऐकवत राहिली. मी एका शब्दाने वाद घातला नाही. मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो. तिची बस चुकली!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आपला डबा घेऊन फोनजवळ बसलो. मोठ्या टेबलाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. एक जण चौथ्या मजल्यावर अडकला होता, त्याच्याशी बराच वेळ छान गप्पा झाल्या.

बाजूचा बेल्ट मी त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतला. आता हात लावला की लोण्यासारखा बाहेर येतो. मी रोज एकदा ओढून बघतो. बहीण सुट्टीत येणार आहे, पण सुट्टीला अवकाश आहे. तेव्हा म्हटलं, तुमच्यापैकी कोणाला संध्याकाळी कुठे जायचं असेल, म्हणजे कुठेही, तर सांगा. मी सोडीन. वाद अजिबात घालणार नाही! फक्त बेल्ट लावावा लागेल. त्या बाबतीत मी अलीकडे फार कडक झालोय.