शकुआत्याच्या स्वेटरवरचा फोटो

टिपणिसांच्या घरातल्या आत्या उडतात. विमानाने नव्हे, स्वतःच. वृषाली लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिले दोन दिवस तिला जरा वेगळं वाटलं, मग सवय झाली. थोरली नणंद शकुआत्या मंडईत चालत जायची आणि पाय दुखत असले तर उडत परत यायची, इतकंच.

अडचण यंदा आली. चिपळूणच्या पणजीला वृषालीच्या लेकीचं, रेवाचं तोंड बघायचं होतं आणि पावणेदोन वर्षांच्या रेवाला घाटात गाडी लागायची. पहिल्या वळणाला उलटी, तिसऱ्याला भोकाड.

"मी नेते की तिला," शकुआत्या म्हणाली. "डोंगरावरून सरळ गेलं की पाऊण तास. सकाळी जाऊ, दिवेलागणीच्या आत परत."

लहान मूल सोबत न्यायचं तर नगरपालिकेचा दाखला लागतो. उड्डाण निरीक्षक मोकाशी घरी आले, चहा घेतला, रेवाला वजनकाट्यावर उभं केलं, आत्याच्या पदराच्या टाचण्या मोजल्या आणि वृषालीकडे वळले.

"मूल 'आई' म्हणतं का?"

"दिवसभर!" वृषाली अभिमानाने म्हणाली.

मोकाशींनी पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे. कडेवरच्या मुलाने 'आई' म्हटलं की आत्या दहा फूट खाली येते. कुठलीही आत्या. वाटेत चारपेक्षा जास्त हाका मला चालवून घेता येत नाहीत."

"बरोबर बोलतायत ते," शकुआत्या म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला, मंदारला लहानपणी आमच्या आत्याने नेलं होतं ना, तेव्हा दोघं फणसात अडकले होते. पुन्हा वर चढायचं म्हणजे केवढी धाप लागते, तुला काय सांगू!"

"आणि हाक मारलीच नाही तर?" वृषालीने विचारलं.

"तर मूल कडेवर असेतो आत्याला खाली येता येत नाही. उतरताना हाक हवीच. पण त्याची काळजी सहसा कोणी करत नाही," असं म्हणून मोकाशींनी तीन आठवड्यांची मुदत दिली.

वृषाली कामाला लागली. शकुआत्याने रेवाला घेऊन गच्चीवर टाकीएवढ्या उंचीवर घिरट्या घालायच्या आणि वृषालीने टाकीमागे लपायचं. पहिल्या दिवशी एक्केचाळीस हाका. शकुआत्याचे गुडघे सोलवटले. प्रत्येक हाकेला ओ वृषालीच्या ओठांवर यायची आणि ती पदर तोंडात कोंबायची. आपल्याच लेकीला आपली आठवण येऊ नये म्हणून आपण झटतोय, या विचाराने तिला रोज रडू येत होतं.

दहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं. रेवा हाक मारते ती आई दिसत नाही म्हणून. दिसली की गप्प. तिने लग्नातला एक फोटो शोधला, आपल्यापुरता कापला आणि शकुआत्याच्या स्वेटरवर खांद्याशी टाचला. त्या दिवशी दोनच हाका. मोकाशींनी शिक्का मारला.

"वन्सं, चिपळूणला पोचलात की फोटो काढून पिशवीत टाका, म्हणजे उतराल," वृषालीने बजावलं. तिने दोघींच्या हातावर दही घातलं. रेवाने आपलं दही आत्याच्या माकडटोपीला पुसलं आणि दोघी गेल्या.

साडेनऊला पणजीचा फोन आला. "अगं, पोचल्या गं! पोरगी तुझ्यावर गेली नाही हो, नशीब."

वृषाली दुपारी तीनपासून गच्चीत उभी. साडेपाचला डोंगराच्या अंगाने ठिपका दिसला. मोकाशीही वही घेऊन आले होते. शकुआत्या गच्चीच्या बरोबर वर, तीनशे फुटांवर थांबली. फोटो काढून तिने पिशवीत टाकला. वृषालीने दोन्ही हात हलवले. रेवाने खाली बघितलं, हसली, आणि काही म्हणाली नाही.

पाच मिनिटं गेली.

"अगं, हाक मार की गं बाई!" वरून शकुआत्याचा आवाज आला. "माझे हात भरून आले!"

मोकाशींनी घड्याळ बघितलं. "मुलाला आई दिसतेय," ते म्हणाले.

वृषालीला कळलं. सबंध दिवस जिला बघायला जीव टांगणीला लागला होता, ती आत्ता कुठे दिसली होती. तिने एकदा डोळे भरून बघून घेतलं, पाठ फिरवली आणि टाकीमागे जाऊन बसली.

"आई?"

दहा फूट.

"आई! आई!"

तिने पदर तोंडात कोंबला आणि बोटांवर मोजू लागली. बाराव्या हाकेला आवाज रडवेला झाला. विसाव्याला बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. एकोणतिसाव्याला टाकीवर सावली पडली. तिसाव्याला शकुआत्याच्या चपला गच्चीवर टेकल्या.

"हाका तीस. उतरणं समाधानकारक," मोकाशींनी लिहिलं.

एकतिसावी हाक रेवाने टाकीमागे धावत येऊन मारली. ती रकान्यात बसत नव्हती म्हणून त्यांनी सोडून दिली. वृषालीने मात्र ओ दिली.