फ्रीजवाल्याची सात मुंगसं

फ्रीजच्या दाराचं रबर बसवावं तर फ्रीजवाल्यानंच! असं दुसरं कुणी म्हणत नव्हतं, तो स्वतःच म्हणायचा. "मी बसवलेलं रबर सुटलं तर मिशी उतरवीन!" कॉलेजबिलेज काही नाही, मोडकी यंत्रं उघडून उघडून शिकलेला गडी. मिशी मात्र अशी, की आधी ती दारातून आत यायची आणि मागून तो.

त्याच्या कीर्तीवर डाग एकच, तो म्हणजे कॉलनीचे सेक्रेटरीकाका. काकांच्या फ्रीजला त्यानं बसवलेलं रबर म्हणे आठव्या दिवशी सुटलं. काकांनी नवा फ्रीज घेतला, पण जुना टाकला नाही. मागच्या अंगणात कुंपणाला लागून आडवा घातला आणि आल्यागेल्याला सांगायला लागले, "पुरावा आहे तो!"

"काका खोटं बोलतात, रबर शाबूत आहे," फ्रीजवाला ठणकावून सांगायचा. बघायला मात्र एकदाही गेला नाही.

तर या काकांनी एका सोमवारी जाहीर केलं, "उंदरांनी माझ्या स्कूटरच्या वायरी खाल्ल्या. येतात ते त्या झुडपांतून. रविवारी मशीन आणतो, सगळं सपाट!"

ती झुडपं कुंपणापलीकडची, फ्रीजवाल्याच्या आत्याची. तीस वर्षांत तिनं त्यांना कात्री लावली नव्हती. ती पदर खोचून बाहेर आली. "अहो, त्यात मुंगसं राहतात! उंदीर तीच खातात. झुडपं गेली ना, तर उंदीर तुमच्या स्कूटरवर बसून फिरायला जातील!"

"मुंगसं? दाखवा की एखादं!"

भांडण प्राणी खात्याच्या बाईंकडे गेलं. बाई बोलायला कमी, बघायला जास्त. त्या म्हणाल्या, "पाच दाखवा. पाच भरली की जागा राखीव, मग कुणी हात लावायचा नाही. पकडलं की शेपटीला रंगाचा ठिपका लावा, म्हणजे तेच परत मोजलं जाणार नाही. आणि लगेच सोडा. मी शनिवारी येते."

"पाच? पन्नास दाखवतो!" फ्रीजवाल्यानं मिशीला पीळ दिला.

त्यानं जुन्या फ्रीजच्या जाळ्या जोडून पिंजरा केला, दाराला चुंबकाचं रबर लावलं, आत अंडं ठेवलं. मंगळवारी सकाळी दार लागलं, टप्! आत मुंगूस! लालबुंद डोळे, अंगावर झाडूसारखे केस, आणि अंडं असं फोडत होतं जणू घरचंच कार्य आहे.

फ्रीजवाल्यानं ऑइलपेंटचा डबा उघडला. आत्या किंचाळली, "अरे मेल्या, चाटलं म्हणजे? मुक्या जिवाच्या पोटात जाईल ना!"

"मग काय लावू? लोणी?"

"फडताळात जाम आहे बघ. लालभडक दिसतो."

जाळीतून शेपटीला जाम लागला. मुंगूस सुटलं. संध्याकाळी दुसरं आलं. शेपटी स्वच्छ! बुधवारी दोन, गुरुवारी दोन, शुक्रवारी एक. सगळ्यांच्या शेपट्या लखलखीत. एकूण सात! फ्रीजवाल्यानं प्रत्येकाचा फोटो काढला आणि दुरुस्तीच्या कार्डावर नोंद केली : 'मुंगूस, तपकिरी, चालू स्थितीत. तक्रार नाही.'

आत्यानं तर नातीसुद्धा लावली. "हा लाजरा म्हणजे सकाळी आलेलीचा धाकटा दीर असणार. आणि ही काल आलेली सासू. बघतेच कशी!"

शनिवारी बाई आल्या. मागोमाग काका. पिंजऱ्यात आठवं मुंगूस हजर!

बाई उकिडव्या बसल्या, मुंगसाकडे बघितलं, मग फोटो चाळले. "ठिपका कशाचा लावलात?"

"जामचा," आत्या अभिमानानं म्हणाली. "घरी केलेला!"

"उजव्या कानाला खाच आहे, दिसते? सातही फोटोंत तीच खाच. आत्या, तुमच्याकडे आठ नाहीत, एकच आहे. रोज येतं, अंडं खातं, वर जाम चाटतं आणि जातं."

काका टाळ्या पिटायला लागले. "एवढी बडदास्त तर जावयाचीसुद्धा नसते! उद्या नऊला मशीन!"

आत्या पायरीवर मटकन बसली. झुडपांकडे बघत राहिली. फ्रीजवाल्याला वाटलं, धरणी फाटावी आणि पिंजऱ्यासकट पोटात घ्यावं.

बाई मात्र अजून मुंगसाकडेच बघत होत्या. "पोट बघा हिचं. आई आहे ही, दूध पाजतेय. सोडा आधी! आणि मागून हळू या."

काय नजर त्या बाईची! आठवडाभर फ्रीजवाल्यानं शेपटीच बघितली होती.

मुंगशीण सुटली. झुडपांत शिरली, एक उंदीर तोंडात धरून बाहेर आली आणि कुंपणाखालून थेट काकांच्या अंगणात! आडव्या फ्रीजपाशी थांबली, दाराच्या फटीतून सळकन आत.

बाईंनी टॉर्च मारला. आत काकांच्याच स्कूटरच्या सीटचा कापूस अंथरलेला, आणि त्यात चार पिल्लं!

"चार आणि आई, पाच," बाई म्हणाल्या. "घर इथं, शिकार तिथं. दोन्ही जागा राखीव. काका, फ्रीज हलवायचा नाही. विष टाकायचं नाही, विष खाल्लेला उंदीर हिच्या पोटात जाईल. आणि तुमचा कचऱ्याचा डबा उघडा असतो, तो झाका. उंदीर त्यासाठी येतात."

काकांनी आ वासला. आत्यानं बाईंचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. "घरी चला, जाम देते!"

बाई कार्डावर लिहायला लागल्या. "पण हे दार उघडं राहिलं कसं? नीट लागलं असतं तर हिला घर मिळालंच नसतं."

फ्रीजवाल्यानं खाली वाकून बघितलं. रबर एका बाजूनं सुटून जिभेसारखं लोंबत होतं.

"लिहा बाई, लिहा!" काका उसळले. "रबर बसवणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा!"

आता फ्रीजवर खात्याची पाटी आहे, आत्याची झुडपं जागच्या जागी आहेत आणि रोज सकाळी मुंगशीण चार पिल्लं घेऊन फ्रीजवाल्याच्या दारावरून जाते. जाताना थांबून त्याच्याकडे जरा निरखून बघते. बिचारीला ओळख पटत नसावी. मिशा आता फक्त तिलाच आहेत!