तेहतीस माशांचं वाण

जावयाच्या मनातलं सासऱ्याने न सांगता ओळखावं, त्याच्यावर मागायची वेळ आणू नये, हा काकासाहेब वाघचौरे यांचा आयुष्यभराचा सिद्धांत होता. म्हणूनच शुक्रवारपासून ते धाकट्या जावयाला दर अर्ध्या तासाने विचारत होते, "काय पाहिजे ते सांगा."

अधिक महिना संपायला एकच दिवस उरला होता. धोंडे खायला आलेला जावई काहीच न मागता परत गेला, तर पुढचा अधिक महिना येईपर्यंत, म्हणजे जवळपास तीन वर्षं, सगळी भावकी सासऱ्याला चिकट म्हणायला मोकळी. थोरल्या जावयाने मागच्या खेपेला उंबऱ्यातच "इन्व्हर्टर" म्हटलं होतं आणि मगच चपला काढल्या होत्या. धाकटे सुनीलराव संगमनेरला दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. दुधातलं पाणी शोधण्याची नोकरी असल्यामुळे ते बोलण्यातही जादा काही मिसळत नसत.

"घड्याळ?"

"आहे, मामा."

"सफारी शिवू?"

"नको, मामा."

"मग अंगठी तरी?"

"रुतते."

काकासाहेब एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. जागची हलत नसलेली गाडी ढकलावी लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रविवारी दुपारी त्यांनी सुनीलरावांना, मुलगी रुपालीला आणि बायको गोजरबाईंना घराबाहेर काढून नगरच्या बागेतल्या जुन्या मत्स्यालयात नेलं. "पुरण वाटून ठिवलंय. आल्यावर धोंडे उकडते," असं गोजरबाई रिक्षात दोनदा म्हणाल्या. सुनीलरावांनी दोन्ही वेळा मान हलवली.

मत्स्यालय ऐतिहासिक होतं. दारावरच्या दगडी फलकावर उद्घाटकांचं नाव होतं, तारीख होती, कंत्राटदाराचंही नाव होतं. आत अठरा टाक्या. त्यातल्या एकीत मासे होते आणि सतरांत माशांविषयी माहिती. मासे असलेल्या टाकीपाशी सुनीलराव थांबले आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच न विचारता बोलले.

"मासे छान आहेत."

काकासाहेबांनी बायकोचा दंड धरला. "ऐकलंस? मागितलं!"

"आप्पा, ते नुसतं म्हणाले," रुपाली म्हणाली.

"नुसतं म्हणणाऱ्यातला माणूस आहे का तो? पहारेकरी कुठाय इथला?"

पहारेकरी कानिफनाथ स्टुलावर बसून शेंगा सोलत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सरकारी मासे हायेत, काका. आन् खायला तर न्हाई ना पायजेत?"

"गळ्यातली माळ बघ त्यांच्या! वाण द्यायचंय जावयाला."

वाण म्हटल्यावर गोजरबाई पुढे सरसावल्या. "वाण तेहतीस लागतं. अधिक महिन्याचं. किती हायेत रं ह्ये?"

"चौदा. एक लाजरा हाय, दगडामागं बसतो. त्याला धरून चौदा."

"आणि वाण जाळीदार लागतं. म्हणून तर अनारसे देत्यात. भोकं पायजेत."

कानिफनाथने काचेला नाक लावलं. "कल्ले हायेत की, मावशी. दोन्ही अंगाला."

गोजरबाईंचं समाधान झालं. रुपालीने नवऱ्याकडे पाहिलं. सुनीलराव टाकीखालची माहिती वाचत होते.

बागेच्या पर्यवेक्षक सत्यशीला मॅडम यांना बोलावणं गेलं. त्यांनी नियम सांगितला. "इथला मासा बाहेर नेता येत नाही. देणगी म्हणून आत आणता येतो."

"मग आम्ही जावयाला इथंच देतो. जावई इथंच ठेवतील," काकासाहेब म्हणाले.

"ठेवा. पण हे चौदा तुम्ही कसे काय देणार?"

"बावीस वर्षं घरपट्टी भरतोय, मॅडम. त्यातून चौदा मासे माझे निघायला हरकत नसावी."

मॅडमना याला नियम सापडला नाही.

एकोणीस मासे कमी होते. काकासाहेब रिक्षाने घरी गेले, ओट्यावर दिसलेलं सगळ्यात मोठं पातेलं उचललं, बाजारातल्या दुकानातून त्यात एकोणीस मासे भरून घेतले आणि दर खड्ड्याला एकेक वाटी पाणी सांडत तासाभराने परतले. तोवर रविवारची निम्मी बाग आत जमली होती. कोणीतरी सुनीलरावांना टोपी घातली. कोणीतरी हार आणला. टाकीला हळदकुंकू लागलं आणि गुरुजींना फोन लावून तो स्पीकरवर टाकला.

संकल्प अर्ध्यावर आला असताना टाकीत खळबळ झाली. जुन्यांपैकी एका थोराड माशाने नव्यांपैकी एक गिळला.

"बत्तीस!" गर्दीतून आवाज आला.

काकासाहेब मटकन स्टुलावर बसले. "एवढं सगळं करून बत्तीस? लोक मला तीन वर्षं एक मासा ऐकवतील!"

"थांबा, काका," कानिफनाथ म्हणाला. "त्यो टाकीच्या भायेर गेला का? मोठ्याच्या पोटात हाय, मोठा टाकीत हाय. तेहतीसच झाले की!"

सगळे फोनकडे बघू लागले. पलीकडे गुरुजींनी पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"वाण झाकून देण्याची पद्धत आहेच," ते शेवटी म्हणाले. "एक झाकलेला धरा."

टाळ्या झाल्या. सुनीलरावांच्या हातावर पाणी सोडलं गेलं. मॅडमनी पोहोच दिली. टाकीवर पुठ्ठा चिकटला, 'या टाकीतील तेहतीस मासे श्री. सुनीलराव यांना सासरकडून सप्रेम भेट. काचेवर टिचक्या मारू नयेत.' काकासाहेबांनी त्याचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि थोरल्या जावयाने अंगठा दाखवलेला पाहूनच फोन खिशात ठेवला.

सातच्या संगमनेर गाडीला सगळे बागेतूनच स्टँडवर आले. गोजरबाईंच्या मांडीवर रिकामं पातेलं होतं. गाडी लागली. काकासाहेबांनी स्वतःच्या हाताने जावयाला खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले.

"काय, जावईबापू? झालं ना मनासारखं? काही राहिलं असेल तर आत्ता सांगा."

सुनीलरावांनी सासूच्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं. तळाशी थोडं पाणी होतं, त्यात एक शेवाळाचा तुकडा.

"मामा," ते म्हणाले, "मी धोंडे खायला आलो होतो."

कंडक्टरने घंटी दिली. घरी पुरण होतं, कणीक होती, तूप होतं. धोंडे उकडायचं पातेलं तेवढं एकच होतं.